पालखी, शांत दर्शन आणि आटलेला निधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं आणि मोठी माणसं यांना गावच्या सणात कसं सामावून घ्यावं, या विषयावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. विशेष शिक्षक, व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आणि गावपातळीवर निधीचं काम करणारे कार्यकर्ते यांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, स्वमग्न. शिमग्यात पालखी वाडीत शिरली की ढोल ऐकून माळ्यावर जाऊन बसतो, पुढचे दोन दिवस धड जेवत नाही. सासूबाई म्हणतात, देव दारात येतो आणि पोर लपवून ठेवायचं, हे बरं दिसत नाही. त्याला तयार कसं करू? गावकऱ्यांना काय सांगू? (एक आई, गुहागर तालुका)

आधी सासूबाईंसाठी. तो देवाला घाबरत नाही, त्याला आवाज सोसत नाही. आपल्या मेंदूला कोणता आवाज मागे सारायचा ते आपसूक कळतं. त्याच्याकडे ढोल, ताशा, फाका, फटाका, कुत्र्याचं भुंकणं सगळं एकाच जोराने येऊन आदळतं. माळ्यावर जाणं हा त्याने स्वतः शोधलेला उपाय आहे आणि तो योग्य आहे. तिथून ओढून खाली आणू नका. उलट माळ्यावर पाण्याची बाटली, त्याची चादर आणि पंखा ठेवा. वर जायची मुभा आहे हे माहीत असलेलं मूल खाली जास्त वेळ टिकतं.

आता गावकरी. पालखी घरात येणं, ओटी, नारळ, गाऱ्हाणं हा विधी. खळ्यात पंधरा मिनिटं ढोल घुमवणं ही हौस. यातलं काय हलवता येतं हे तुम्ही ठरवू नका, मानकऱ्यांना आणि गुरवांना विचारा. देवाच्या कामात बाहेरून कोणी सूचना केली की माणसं अडून बसतात, तेच विचारलं की वाट काढून देतात. विचारायची वेळ फाकपंचमीच्या, म्हणजे शिमगा सुरू होण्याच्या, आधीची. शिमग्याच्या नियोजनाला गावकी बसते त्या बैठकीत विषय निघाला पाहिजे. पालखी सहाणेवरून (गावात पालखी बसवायच्या जागेवरून) उठल्यावर कोणी ऐकून घेत नाही.

मागणी नेमकी ठेवा. तुमच्या घराच्या अलीकडे साधारण ५० मीटरवर ढोल-ताशा थांबेल. पालखी घंटेच्या आवाजात आत येईल. बाहेर पडून तेवढंच अंतर गेल्यावर वाद्यं पुन्हा सुरू होतील. शेजारच्या घरांचा आनंद हिरावला जात नाही, म्हणून होकार मिळणं सोपं जातं. वाजवणाऱ्यांपैकी एकाला जबाबदार नेमा आणि हाताची खूण ठरवा, कारण ढोल चालू असताना तोंडाने सांगितलेलं कोणाला ऐकू येत नाही.

हे बिघडतं बहुतेक दोन ठिकाणी. ढोलवाली पोरं मध्येच बदलतात आणि नव्यांना काही सांगितलेलं नसतं. दुसरं, मुंबईहून आलेला एखादा पाहुणा नेमका त्याच वेळी फटाक्यांची माळ लावतो. म्हणून निरोप वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, असा दोनदा टाका.

मुलाच्या तयारीला ८ ते १० फोटो पुरतात. सहाण, पालखी, ढोल, पालखी खांद्यावर घेतलेली माणसं, शेजारचं घर, तुमचं खळं, देवघर, आणि शेवटी पालखी जाताना पाठमोरी. फोटो तुमच्याच गावचे हवेत, कॅलेंडरवरचे किंवा नेटवरचे चालत नाहीत, कारण त्याला तपशील जुळवून पाहायचा असतो. दोन आठवडे आधीपासून रोज एकदा ते फोटो त्याच्याबरोबर चाळा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: त्याला घड्याळातली वेळ सांगू नका. पालखी पाचला म्हणता म्हणता नऊला येते आणि त्या चार तासांत मुलाचा सगळा धीर संपतो. क्रम सांगा: ‘खालच्या वाडीनंतर काकांचं घर, मग आपलं.’ पालखी काकांकडे पोचली की तिथून फोन येईल अशी सोय करा.

तो पालखीच्या पाया पडला नाही, पडवीच्या खिडकीतून बघून वर गेला, तरी त्या वर्षी तेवढं पुरे समजा.

प्रश्न: आमच्या गणेशोत्सव मंडळाला ‘शांत दर्शन’ ठेवायचं आहे. किती वेळ, किती आवाज, काय काय बंद ठेवायचं? कानाला लावायचे मफ उपयोगी पडतात का? (मंडळाचे कार्यकर्ते, चिपळूण)

सकाळची आरती आटोपल्यावर दीड तासाने सुरू होणारा एक तास निवडा. तोवर धूप-कापराचा धूर विरलेला असतो. संध्याकाळ नको, त्या वेळी रस्त्याचाच आवाज जास्त. एका तासात सहा कुटुंबं, प्रत्येकी दहा मिनिटं. नावं आदल्या दिवशी फोनवर घ्या आणि मध्ये जागा रिकामी राहिली तर ती रिकामीच ठेवा, रांगेतल्या इतरांनी भरू नका.

त्या तासात माईक बंद, नुसता आवाज कमी करून भागत नाही. चालू माईकला कोणी चुकून हात लावला की येणारी शिट्टी एका क्षणात सगळ्या तयारीवर पाणी फिरवते, म्हणून वायर काढून ठेवा. पळणाऱ्या आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा बंद, स्थिर दिवे चालू. नवीन अगरबत्ती नाही. जनरेटर असेल तर वीज गेल्यास तो त्या तासात सुरू करायचा नाही, हे आधीच ठरवा. पंख्याविना तासभर निघतो, जनरेटरचा पहिला धडाका मात्र मुलाला मंडपाबाहेर पळवतो. प्रसाद हातावर ठेवू नका. चिकट, ओलं काही तळहाताला लागणं अनेकांना असह्य होतं. केळीच्या पानाचा तुकडा किंवा कागदी द्रोण पुढे करा, घ्यायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. गंध-गुलाल विचारल्याशिवाय लावायचा नाही, गालाला हात लावायचा नाही.

आणि ‘आता शांत दर्शन सुरू होत आहे, कृपया शांतता राखा’ ही घोषणा लाउडस्पीकरवरून करू नका. हे अनेक ठिकाणी होतं. प्रवेशाशी एक फलक आणि एक माणूस पुरतो.

आवाजाचं गणित सोपं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. २ मीटरवर १०० डेसिबल असलेला ताशा ४ मीटरवर ९४, ८ वर ८८, १६ वर ८२ आणि ३२ मीटरवर ७६ भरतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती असलेल्या अरुंद पाखाडीत (दगडी पायवाटेवर) हे गणित चालत नाही, आवाज भिंतींवर आपटून परत येतो. म्हणून मुलाला उभं करायची जागा मोकळ्यावर निवडा. फोनवरचं ॲप अचूक आकडा देत नाही, पण दोन जागांची तुलना करायला चालतं.

मफ जरूर ठेवा, पण त्यांची मर्यादा ओळखून. ते ताशाचा, झांजेचा, शिट्टीचा उंच आवाज चांगला कापतात. ढोलाचा आणि डीजेचा खालचा दणका त्यांतून बराच आत येतो, छातीत तर जाणवतोच. ताशासाठी मफ, ढोलासाठी अंतर, हे सूत्र लक्षात ठेवा. लोटे, महाड अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास सुरक्षा साहित्याच्या दुकानांत मफ मिळतात, पण ते मोठ्या माणसांच्या मापाचे. लहान डोक्यावर ते सैल बसतात आणि कडेला फट राहिली की उपयोग जवळजवळ शून्य. मुलांच्या मापाचे मागवा. दहाचा संच घ्यायचा तर सहा लहान, तीन मध्यम, एक मोठा. भाद्रपदातल्या दमट हवेत कानाखाली घाम येतो, म्हणून प्रत्येक वापरानंतर पुसून कोरडे करा, नाहीतर गाद्यांना बुरशी धरते. कानात कापूस घातल्याने फारसं काही होत नाही. घरच्यांनी आठवडाभर रोज पाच-दहा मिनिटं मफ घालायचा सराव द्यावा. पहिल्यांदा मंडपातच घातले तर मूल ते काढून फेकेल. शांत घरात मात्र दिवसभर घालून ठेवू नयेत, कानाला नेहमीचे आवाजही खुपायला लागतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. नियम हाताशी असू द्या, पण वाडीतल्या ढोलपथकाशी बोलताना सुरुवात नियमाने करू नका. पोलिसांत जायची धमकी दिलेल्या गावात पुढच्या वर्षी कोणी तुमचं ऐकत नाही.

प्रश्न: गावाशेजारचा कारखाना बंद पडला. मंडळाला दरवर्षी मिळणारी देणगी थांबली, ग्रामपंचायतीचं उत्पन्नही घटलं. गावात आणि आसपास सात स्वमग्न मुलं आहेत. सणात शांत खोली आणि वर्षभर काहीतरी उपक्रम करायचा आहे. पैसा कुठून उभा करायचा? (ग्रामपंचायत सदस्या, खेड तालुका) असाच प्रश्न वेंगुर्ले तालुक्यातूनही आला आहे, तिथे खाणीचं काम मंदावलं आहे.

खर्चाचे तीन भाग पाडा आणि तिन्हींना वेगवेगळे पैसे शोधा. सगळा भार एका देणगीदारावर टाकला की तो गेल्यावर सगळंच जातं. कोकणाने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले आणि त्यांतले बरेच कोकणातले होते. मनीऑर्डरी आटल्या. तरी अनेक गावांची देवळं आणि शाळा तगल्या, कारण मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांची वर्गणी माणशी थोडी आणि शेकडो माणसांची होती. काहींचं काम गेलं तरी बाकीच्यांकडून ती येत राहिली.

पहिला भाग, एकदाच लागणारं सामान. मफचा संच, दोन जाड सतरंज्या, गडद एकरंगी पडदे, आवाज न करणारा एक पंखा, फोटोंची लॅमिनेट केलेली कार्डं. साधारण १५ ते २० हजारांत बसतं. खोली विकत किंवा भाड्याने घेऊ नका. शाळेचा वर्ग, अंगणवाडी किंवा समाजमंदिराची आतली खोली चालते, मात्र मंडपापासून ती चालत तीन-चार मिनिटांवर हवी. मंडपाला चिकटून असली तर दणका भिंतीतून येतो आणि फार लांब असली तर कासावीस झालेलं मूल तिथवर पोचत नाही. जवळ शौचालय हवं. चरचरणारी ट्यूबलाइट असेल तर बदला. दारावर कुलूप किंवा बाहेरची कडी नको.

यासाठी दिव्यांग निधी आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती वैयक्तिक मदतीबरोबर सामूहिक सोयींवरही करता येते आणि स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. अडचण तुम्ही म्हणता तीच: हा टक्का स्वउत्पन्नाचा आहे. कारखान्याच्या करासह उत्पन्न २० लाख होतं तेव्हा त्यातले १ लाख मिळत, ते ६ लाखांवर आलं की ३० हजार उरतात. तेवढ्यात सामान होतं, पगार होत नाहीत. म्हणून या पैशाला सामानापुरताच हात लावा. मागच्या वर्षांचा न खर्चलेला दिव्यांग निधी शिल्लक आहे का, हेही लेखी विचारा, बऱ्याच ठिकाणी तो पडून असतो. मागणी १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरावाने मांडा म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात येते. शिमगा मार्चमध्ये येतो आणि मार्चअखेर ग्रामपंचायतीत हिशोबाची घाई असते. तेव्हा केलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो.

दुसरा भाग, दर सणाचा चालू खर्च. छपाई, सफाई, स्वयंसेवकांचा चहा-नाश्ता मिळून दोन-तीन हजार. हा गावानेच उचलावा असं आमचं ठाम मत आहे. १५० घरं, घरटी २० रुपये, ३ हजार झाले. रक्कम क्षुल्लक आहे, पण वर्गणी दिलेला माणूस ‘हे कशाला’ असं विचारत नाही. मुंबईच्या मंडळालाही यातच धरा. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी घ्यावी आणि हिशोब मुदतीत द्यावा. पुढे कुठेही हात पसरायचा तर हे हिशोबच पहिल्यांदा मागतात.

तिसरा भाग खरा खर्चाचा: महिन्यातून दोनदा येणारे व्यवसायोपचार तज्ज्ञ, त्यांचा प्रवास, पालकांचं प्रशिक्षण. इथे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) उपयोगी पडतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. गावाजवळचा कारखाना बंद झाला तरी कंपनी बंद झालेली असतेच असं नाही, तिचे दुसरीकडचे कारखाने नफ्यात असू शकतात. विचारून पाहा. कंपनीच दिवाळखोरीत असेल तर तिथे वेळ घालवू नका, वसाहतीतल्या चालू कारखान्यांकडे जा.

मंडळांचे अर्ज इथे फेटाळले जातात ते एका कारणाने. ते ‘गणेशोत्सवासाठी प्रायोजकत्व’ मागतात. एकदाच होणारा कार्यक्रम किंवा जाहिरातीच्या बदल्यातलं प्रायोजकत्व या निधीत धरलं जात नाही. विशेष शिक्षण आणि दिव्यांगांची उपजीविका मात्र कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. म्हणून अर्ज वर्षभराच्या उपक्रमाचा करा आणि सणातली शांत खोली त्याचा एक भाग म्हणून दाखवा. पैसा घेणाऱ्या संस्थेला प्राप्तिकराची १२अ आणि ८०जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक (हा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. हे तुमच्या मंडळाकडे नसणार. त्यासाठी नवी संस्था काढून तीन वर्षं थांबू नका. जिल्ह्यातली दिव्यांगांसाठी काम करणारी जुनी संस्था गाठा, अर्ज तिच्या नावे जाऊ द्या आणि गावात काय होणार ते लेखी करारात ठरवा. तज्ज्ञांची सोय होईपर्यंत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाच्या) समावेशित शिक्षणाच्या शिक्षकांना स्वयंसेवकांच्या तीन तासांच्या प्रशिक्षणासाठी बोलवा, ते सरकारी यंत्रणेतलेच आहेत.

वेंगुर्ल्याच्या वाचकांसाठी आणखी एक दार आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणमालकांनी स्वामित्वधनाशिवाय (सरकारला द्यायच्या रॉयल्टीशिवाय) वेगळी रक्कम त्यात भरायची असते: १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावाने दिलेल्यांसाठी १० टक्के. महिला, बालकं, वृद्ध आणि दिव्यांग यांचं कल्याण हे त्या निधीचं प्राधान्याचं क्षेत्र आहे. खाण मंदावली की नवी भर कमी पडते, पण साठलेली रक्कम राहते. आधी तुमचं गाव खाणबाधित गावांच्या यादीत आहे का ते जिल्हा खनिकर्म कार्यालयात पाहा, मग ग्रामसभेचा ठराव जोडून प्रस्ताव द्या.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीचे. गणपतीला देवगडला गावी जातो. मुलगी ७ वर्षांची, स्वमग्न, बोलत नाही. तिला पाण्याचं विलक्षण वेड. विसर्जनाला न्यावं का?

न्या, पण गर्दीच्या मधोमध नको. आणि त्याहून मोठी काळजी घरची करा. पाण्याकडे ओढ आणि नकळत निघून जाणं या दोन्ही गोष्टी स्वमग्न मुलांत एकत्र आल्या की बुडण्याचा धोका फार वाढतो. कोकणातल्या घराभोवती विहीर, पऱ्या (ओढा), खाडी काही ना काही असतंच, शिवाय भाद्रपदात सगळं तुडुंब. गावी पोचल्यावर सामान सोडण्याआधी घराभोवती फेरी मारा. विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का, मागचं दार कुठे उघडतं, बेडं (कुंपणाचं फाटक) नीट लागतं का, ते पाहा. दाराला मुलीच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर कडी बसवा.

घरात पंधरा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरं कोणीतरी बघतंय. म्हणून पाळी लावा. ज्याची पाळी त्याच्या हातात एक रंगीत पट्टी. पाळी संपली की पट्टी दुसऱ्याच्या हातात देऊन ‘आता तू’ म्हणायचं, त्याने ‘हो, मी’ म्हणायचं. आरतीच्या वेळी हे सर्वांत जास्त विसरलं जातं, कारण सगळ्यांची तोंडं देवाकडे असतात.

मुलीच्या कपड्यावर आतल्या बाजूने दोन फोन नंबर लिहा. जीपीएस घड्याळ रेंज नसलेल्या सड्यावर (कातळाच्या माळावर) किंवा दरीत निकामी ठरतं, त्यावर विसंबू नका. ती दिसेनाशी झाली तर आधी पाण्याकडे धावा, घरातल्या खोल्या नंतर. मोठ्याने हाका मारत सुटू नका, काही मुलं त्याने आणखी लांब जातात.

विसर्जनाला तिला गर्दीच्या आधी किनाऱ्यावर घेऊन जा, मिरवणुकीपासून दूर बसवा, अंगात लाइफ जॅकेट असू द्या. भरतीची वेळ गावातल्या मच्छीमारांकडून विचारून घ्या. मूर्ती पाण्यात दिसेनाशी होते तेव्हा काही मुलं तिच्यामागे धावतात, म्हणून त्या क्षणी तिचा हात हातात हवा. ‘बाप्पा पाण्यात जातो, आपण वाळूवर थांबतो’ असा एक फोटो आधीच दाखवलेला असावा.

प्रश्न: आमचं मंडळ या मुलांचा व्यासपीठावर सत्कार करणार आहे. काही सूचना? (रोहा)

सत्कार करू नका. उंचावर उभं करणं, शाल अंगावर घालणं, टाळ्या, कॅमेऱ्याचे फ्लॅश, या चारही गोष्टी त्यांना त्रास देणाऱ्या आहेत. शिवाय पालकांना विचारल्याशिवाय मुलाचं निदान सगळ्या गावाला कळतं. शालींचे पैसे मफला वापरा. फोटो हवाच असेल तर रिकाम्या शांत खोलीचा छापा.

प्रश्न: भाऊ २६ वर्षांचा, स्वमग्न. त्याला जाखडी (आपला गोल फेराचा नाच) फार आवडते. घुंगरांचा, ढोलकीचा त्रास होत नाही, उलट जवळ जाऊन उभा राहतो. सगळे त्याला बाजूला करतात. (एक बहीण, संगमेश्वर तालुका)

प्रत्येक स्वमग्न माणसाला आवाज नको असतो असं नाही. काहींना ताल, कंप आणि तेच तेच परत येणं हवंहवंसं वाटतं, आणि जाखडीत हे तिन्ही आहे. त्याला बाजूला करण्याऐवजी जागा ठरवून द्या. ढोलकीवाल्याच्या मागे हातभर अंतरावर चुन्याने एक गोल आखा, तो त्याचा. नाचणारे कुठवर येतात ते त्याला रिकाम्या खळ्यात चालून दाखवा. गोल फेरात पाय कुठे पडेल याचा अंदाज नसल्यानेच बहुतेक टकरा होतात.

सरावाला बोलवा, थेट कार्यक्रमाच्या रात्री नको. दोन-तीन सरावांत त्याला क्रम पाठ होईल. मग काम द्या: घुंगरांचे जोड मोजून देणं, गाण्यांचा क्रम फळ्यावर लावणं, टाळ धरणं. काम एकच द्या आणि प्रत्येक वर्षी तेच ठेवा. आवाजाचा त्रास होत नाही म्हणून तासन् तास ढोलकीला कान लावून उभं राहू देऊ नका, कानाची हानी त्यालाही होते. दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला बाजूला आणायचं, आणि ती पाण्याची वेळही गाण्यांच्या क्रमातच फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे तो स्वतःच उठून येईल.